कालची भाजी

सातपुड्यापासून तापीपर्यंतच्या आमच्या सगळ्या मुलखात कोणाच्याही नुसत्या सांगण्यावर विश्वास न ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या घरात होता. हे माझे थोरले दीर. आमच्याकडे जेठ म्हणतात. जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत आहे. बहुतेक घरांतून ती गेली, आमच्या घरात राहिली, कारण जेठांना ती सोयीची होती. मी समोर बसलेली असले तरी ते माझ्या जाऊबाईंकडे बघून म्हणत, "तिले सांग, चहात साखर कमी शे." जाऊबाई मला काही सांगत नसत, मी ऐकलेलं असायचंच, आणि साखरेचा डबा न बोलता पुढे सरकायचा. लग्नानंतरची पंधरा वर्षं मी या माणसाशी एक वाक्य बोलले नव्हते. मग आम्ही एकाच नोकरीत आलो आणि दिवसातून सहा वेळा बोलू लागलो, पण फक्त फोनवर, आणि फक्त प्रमाण मराठीत. फोनवर ते मला "मॅडम" म्हणत. संध्याकाळी घरी आले की मी पुन्हा "तिले सांग" मधली ती.

नोकरी पाणीयोजनेतली. तापीकाठी पंपघर, तिथून गावोगावच्या टाक्यांपर्यंत मोठी जलवाहिनी, आणि तिच्या शेजारून जमिनीखाली फायबरची तार. नंदुरबारच्या कंट्रोल रूममध्ये बसून मी त्या तारेवरून पंप चालू-बंद करायची, व्हॉल्व्ह उघडायची, टाक्यांची पातळी बघायची. मी कायम नोकरीत होते. जेठ ठेकेदाराकडून आलेले कंत्राटी तंत्रज्ञ. तार जोडणं आणि तिच्या दोन्ही टोकांना बसणारे बॉक्स सांभाळणं हे त्यांचं काम. तार तुटायची त्यांना अजिबात भीती नव्हती. "तुटली की कळतं," ते म्हणायचे. "पंपाला माणूस दिसत नाही मॅडम, पंपाला फक्त हुकूम दिसतो. आपल्या बॉक्सच्या जागी दुसराच कोणी येऊन बसला आणि हुकूम देऊ लागला, तर पंप त्याचंही ऐकणार. पंप बिचारा सरळमार्गी." म्हणून तारेवरच्या प्रत्येक बॉक्सने आधी आपण कोण ते सिद्ध करायचं, मगच त्याला आत घ्यायचं, असा नियम होता. नियम कागदावर सगळीकडेच असतो. आमच्याकडे तो नियम अंगात आलेला माणूस होता.

बॉक्सला नाव विचारून भागत नाही, कारण नावाची चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. खरी ओळख बॉक्सच्या पोटात असते, आणि तिचा एक ठसा असतो. ठसा म्हणजे चौसष्ट आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ. कारखान्यातून बॉक्स निघाला की त्याचा ठसा वेगळ्या कागदावर माझ्याकडे यायचा. बॉक्स पंपघरावर पोचला की जेठ त्याचा ठसा पडद्यावर बघून मला फोनवर वाचून दाखवायचे, मी कागदाशी जुळवायची, आणि अक्षर न् अक्षर जुळलं तरच मी त्याचं नाव यादीत घालायची. त्यात अक्षरं ए पासून एफ पर्यंतची. फोनवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात म्हणून त्यांनी जिल्ह्यातली गावं वाटून दिली होती. ए म्हणजे अक्कलकुवा, बी ब्राह्मणपुरी, सी चिंचपाडा, डी धडगाव, एफ फत्तेपूर. ई चं गाव काही त्यांना सापडेना. बाहेरच्या जिल्ह्यातलं घ्यायला मन तयार नव्हतं. शेवटी ई ला ते "रिकामं गाव" म्हणू लागले. "सात, दोन, धडगाव, रिकामं गाव, रिकामं गाव, नऊ, फत्तेपूर," असा त्यांचा पाठ सुरू झाला की शेजारच्या टेबलवरचा कारकून म्हणायचा, "मॅडम, एस.टी. लागली वाटतं."

त्यातही एक खोच होती. प्रत्येक वाचनात ते एक अक्षर मुद्दाम चुकीचं वाचायचे. कुठलं ते सांगायचे नाहीत. मी "थांबा, इथे चार नाही, नऊ आहे" असं म्हटलं की पलीकडून समाधानाचा हुंकार यायचा आणि "शाब्बास मॅडम" ऐकू यायचं. चूक पकडली नाही तर त्यांना कळायचं की मी कागदाकडे न बघताच हो म्हणते आहे. पहिल्या वर्षी एकदा असं झालं. मी हो, हो करत चहा पीत होते. त्यांनी ओरडा केला नाही. घरी आल्यावर मात्र जाऊबाईंना म्हणाले, "तिले सांग, राखनदार झोपना ते चोरले दार कसाले फोडनं पडी?" राखणदारच झोपला तर चोराला दार कशाला फोडावं लागेल! जाऊबाईंना यातलं काहीच कळलं नाही. मला कळलं. त्यानंतर ठसा जुळवताना मी चहा मागवला नाही.

पण हे सगळं बॉक्सचं झालं. माणसाचं काय? फोनवर मी बोलते आहे ती मीच कशावरून? आवाज कोणाचाही काढता येतो, नंबर कोणाचाही दाखवता येतो, असं त्यांचं म्हणणं. आम्हा दोघांचे डबे घरातल्या एकाच चुलीवरून, जाऊबाईंच्या हातचे निघायचे. म्हणून त्यांनी खूण ठरवली ती कालच्या भाजीची. आजची नाही, कारण आजच्या भाजीचा वास गल्लीभर जातो. मी फोन केला की आधी विचारायचे, "कोण बोलतंय?"

"मी, दादा."

"मी कोण? कालची भाजी?"

"डुबुकवडे."

"मीठ?"

"जरा जास्त."

"बोला मॅडम."

याचे घरावर जे परिणाम झाले ते त्यांना दिसत नसत. एक म्हणजे लागोपाठ दोन दिवस एकच भाजी करायची बंदी आली. एकदा वापरलेली खूण पुन्हा चालत नाही, हे त्यांचं तत्त्व. थंडीत खानदेशात वांग्याशिवाय काय असतं? कच्च्या बाजारात वांगी ढिगाने पडलेली असताना जाऊबाई नेमाने कोबी शोधत फिरायच्या. दुसरं म्हणजे भाजीचं नाव हे घरातलं गुपित झालं. शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारायची, "काय वं, आज काय भाजी शे?" आणि जाऊबाई म्हणायच्या, "भाजीनी भाजी शे." यावरून दोन घरांत वर्षभर अबोला झाला. माझे यजमान एकदा दादांना म्हणाले की घरातल्या सगळ्यांनाच भाजी माहीत असते, मग मीसुद्धा फोन करून मॅडम होऊ शकतो. जेठ शांतपणे म्हणाले, "तू भाजीकडे देखी कधय जेवस? तू मोबाईलकडे देखी जेवस." यजमानांना खरोखरच आदल्या दिवशीची भाजी आठवेना. विषय संपला.

आखाजीचा किस्सा तर जाऊबाईंच्या माहेरी अजून सांगतात. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला माहेरचा कोणी मुऱ्हाळी येतो. त्या वर्षी सख्खा भाऊ आजारी म्हणून जाऊबाईंचा लांबचा चुलतभाऊ आला. जेठांनी त्याला कधी पाहिलेला नव्हता. जाऊबाई तेवढ्यात बाजारात गेलेल्या. जेठांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "तुमना घरना पुढला दारले कडी वर शे का खाले?" तो गडबडला. "मी मांगला दारतून जास दाजी, पुढनी कडी मी कधी देखीच नही!" झालं. जाऊबाईंच्या वडिलांना फोन लागेना. उन्हात तो मुऱ्हाळी दोन तास ओट्यावर. जाऊबाई पिशव्या घेऊन परतल्या तेव्हा तो रडकुंडीला आलेला आणि जेठ त्याच्यासमोर आंबे कापून ठेवत होते. कारण संशय वेगळा आणि पाहुणचार वेगळा, अशी त्यांची समजूत होती. "आंबा खावाले वळख लागत नही," ते म्हणाले. त्या दिवशी जाऊबाईंनी नवऱ्याला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात पंपघरातला मुख्य बॉक्स जळाला. पंप हाताने चालवता येईनात, व्हॉल्व्ह जिथल्या तिथे अडकले, आणि जलवाहिनीच्या शेपटाकडच्या गावांत तीन दिवस पाणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बायका हंडे घेऊन कचेरीत आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसल्या. त्यातल्या एकीने माझ्या बाटलीतलं पाणी मागितलं, मी दिलं, तिने ते लेकराला पाजलं. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. ठेकेदाराचा माणूस नवा बॉक्स घेऊन पंपघरावर पोचला होता. तिथून जेठांचा फोन आला. मी कालची भाजी सांगितली, मिठाचंही सांगितलं. ते ठसा वाचू लागले. पहिली आठ अक्षरं मी जुळवली, ती जुळली. नंतर मागून साहेब म्हणाले, "अहो, किती वेळ हे गावांची नावं घेत बसणार?" आणि समोर ती बाई रिकामी बाटली धरून बसलेली. मी कागद पालथा घातला. उरलेल्या वाचनावर मी नुसतं हं, हं म्हणत गेले.

वाचन संपलं. "जुळलं," मी म्हणाले.

पलीकडे शांतता.

"नक्की?"

"नक्की. घ्या आत दादा, गावं कोरडी आहेत."

मग ते म्हणाले, "बरं."

तासाभरात पाणी सुटलं. बायका उठून गेल्या. साहेब म्हणाले, "बघा, होतं की नाही!"

तो बॉक्स कारखान्यातून आलेला नव्हताच. नवा वाटेतच अडकला म्हणून ठेकेदाराने कुठल्या तरी दुसऱ्या योजनेवरचा जुना काढून, पुसून, नव्या खोक्यात घालून पाठवला होता. तो त्याच कंपनीचा, म्हणून ठशाची सुरुवात तेवढी सारखी निघाली. पुढचं एकही अक्षर जुळत नव्हतं, हे मी नंतर तो कागद सुलटा करून बॉक्सच्या ठशाशी लावला तेव्हा पाहिलं. बॉक्सच्या पोटात त्याच्या आधीच्या योजनेचं वेळापत्रक तसंच होतं. दहा दिवस तो गप्प राहिला. अकराव्या दिवशी दुपारी त्याने त्या जुन्या सवयीने मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि दोन्ही पंप सुरू केले. पाण्याला जायला वाट नाही. जलवाहिनी एका गुजर शेतकऱ्याच्या केळीत फुटली. केळीत गुडघाभर पाणी, आणि शेपटाकडच्या गावांत पुढचे आठ दिवस थेंब नाही. त्या बायका पुन्हा आल्या. या वेळी कोणी माझी बाटली मागितली नाही.

चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे तीन अधिकारी, अलीकडे आम्ही. पहिलाच प्रश्न होता, "ठसा यादीशी जुळवला कोणी?" मी घसा साफ केला. मी बोलणार होते, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले आहे. पण माझ्या आधी जेठ बोलले. "कोणीच नाही साहेब. मॅडमना फोन लावला, लागला नाही. मी एकट्यानेच जुळलं असं धरून बॉक्स आत घेतला."

त्या दिवशी माझ्या खुर्चीमागे उभे असलेले साहेब समोरचे कागद चाळत राहिले. फोनची नोंद मागितली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर कोणाचंही तपासल्याशिवाय मानलं नाही, त्याचं खोटं सगळ्यांनी न तपासता मानलं. त्यांचं कंत्राट गेलं. ठेकेदाराला ताकीद मिळाली. मला काहीच झालं नाही. माझी कायमची नोकरी, मुलीचं शिक्षण, यजमानांचं दुकान नुसतं नावाला, ही सगळी कारणं मी त्या खोलीत बसून एकामागून एक मोजली. ती खरी होती. आजही खरी आहेत. त्यांनी काही सुटत नाही.

महिनाभरात जेठ आणि जाऊबाई कोरीटला शेतातल्या घरी राहायला गेले. घरात त्याविषयी बोलणं शक्यच नव्हतं. मी त्यांच्याशी बोलायची ती ऑफिसच्या फोनवर, आणि ऑफिस संपलं होतं. टेम्पोत भांडी चढवून झाल्यावर ते जाऊबाईंना म्हणाले, "तिले सांग, मन्हा पासवर्ड बदली टाक म्हना." एवढंच.

पुढे मी सगळं लिहून दिलं. दोन पानं, खाली सही. साहेब बदलून नवे आले होते. त्यांनी वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. "फाईल बंद झाली मॅडम. कशाला उकरता? त्या गृहस्थाने स्वतः कबूल केलंय." मी ते जेठांना सांगायला फोन केला. त्यांनीच उचलला, माझा आवाज ऐकला, आणि फोन लांब धरून म्हणाले, "तिना फोन शे, ले." जाऊबाई फोनवर आल्या. मी आता मॅडम राहिले नव्हते ना. मी जाऊबाईंना कागदाचं सांगितलं, त्यांनी त्यांना सांगितलं. मागून आवाज आला, "तिले विचार, तो कागद तिनीच लिहा, हाई कोनी तपासं का?" जाऊबाई हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "ताई, त्यांना सांगा, मला कालची भाजी विचारा."

जाऊबाईंनी ते मागे सांगितलं. मग त्यांचा आवाज, जाऊबाईंनाच उद्देशून, "तिले सांग, काल तिना घर काय भाजी व्हती, माले कसं माहीत पडी?"

बरोबरच होतं. खूण दोघांना ठाऊक असेल तरच खूण. चूल एक होती तोवर ती होती.

मी रडत बसणारी बाई नाही. शनिवारी सकाळच्या कोरीटच्या बसमध्ये कंडक्टरकडे एक डबा दिला. कंडक्टरने नंतर सांगितलं, "ताई, तुमना जेठनी डबा लेवाना पहिले माले विचारं, कोनी दिधा, कोनता रंगनं लुगडं व्हतं." रविवारी मी फोन केला. त्यांनी जाऊबाईंना हाक मारली नाही. घसा खाकरला आणि अगदी प्रमाण मराठीत विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी, दादा."

"कालची भाजी?"

"शेवभाजी."

"मीठ?"

"बरोबर होतं."

"बोला मॅडम."

तेव्हापासून दर शनिवारी डबा जातो आणि दर रविवारी आम्ही पाच मिनिटं बोलतो. कापूस कसा आहे, पंपघरावर आता कोण आहे, तो नवा मुलगा ठसा मोठ्याने वाचतो की मनात. चौकशीबद्दल ते बोलत नाहीत. एक गोष्ट मात्र मला दोन वर्षं टोचत होती. त्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे एक अक्षर मुद्दाम चुकीचं वाचलं होतं का? वाचलं असेल, तर मी ते पकडलं नाही हे त्यांना तिथेच कळलं असणार. म्हणजे मी बघत नाही हे जाणूनच त्यांनी "बरं" म्हटलं असणार. विचारण्याची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी मला वाचवायला आणखी एक खोटं सांगितलं असतं.

म्हणून एका शनिवारी मी वांग्याचं भरीत पाठवलं, चांगलं झणझणीत, वर कांद्याची पात. रविवारी फोन लावला.

"कालची भाजी?"

"गिलकी," मी म्हणाले.

पलीकडे शांतता. तेवढीच लांब, त्या दिवशीसारखीच.

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ते म्हणाले, आणि कापसाला यंदा बोंडं कशी धरली आहेत ते सांगू लागले.

पुढच्या शनिवारी मी गिलक्याची भाजी पाठवली.